चाळिशी आणि काकांचे भिंग

मराठी भाषेने चष्म्याला वयाचे नाव दिले आहे. विशीला किंवा साठीला हा मान मिळाला नाही. ‘चाळिशी लागली’ एवढे म्हटले की माणसाचे वयही कळते आणि त्याच्या नाकावर आलेली काचही कळते. आम्हांला हा शब्द पूर्वी फार गमतीचा वाटे. स्वतःवर येऊन ठेपेपर्यंत बहुतेक शब्द गमतीचेच वाटतात.

आमच्यावर तो वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आला आणि पुढली दोन वर्षे आम्ही त्याला दाराबाहेर उभे ठेविले. कोर्टात कागद वाचताना हात आपोआप लांब होऊ लागला. प्रथम कोपर सरळ झाले, मग खांदा मागे गेला, मग मान. एके दिवशी एका अशिलाने अगदी निरागसपणे विचारले, “साहेब, कागद माझ्याकडे का धरला आहे? मला वाचता येत नाही.” आम्ही त्यास उजेडाचे कारण सांगितले. वकिलाला कारणांची वाण कधीच नसते.

अशा दिवसांत उज्जैनहून काकांचे पत्र आले. अक्षर मोठे झाले होते आणि ओळी उताराला लागल्या होत्या. मजकूर थोडा होता. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची पावसाळ्यापूर्वी व्हावयाची आहे; तत्पूर्वी घराचे कागद लावून ठेवावेत आणि मृत्युपत्र करावे असे मनात आहे; तू वकील आहेस, तर चार दिवस येऊन जा. खाली सवयीप्रमाणे कोंकणीतून एक ओळ होती: ‘येवपाक जाता जाल्यार यो.’ जमत असेल तर ये.

हे पत्र आम्ही दोनदा वाचले आणि तिसऱ्या वेळी ते आम्हांला वेगळेच वाचता आले. ‘घराचे कागद’ हे दोन शब्द आमच्या मनात पस्तीस वर्षे ठसठसत होते.

*

आमचे घराणे मूळचे गोव्याचे, कुलदैवत श्रीमंगेश. पूर्वज शिंद्यांच्या चाकरीनिमित्त माळव्यात आले आणि उज्जैनच्या जुन्या वस्तीत राहिले. वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल की ज्या रामचंद्र मल्हार सुखठणकरांच्या शब्दावरून १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास दिला, तेच राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा होत. आणि उज्जैनच्या महाकालेश्वराचे मंदिर अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात पुन्हा उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. आपले पूर्वज रामचंद्रबाबांच्या मागोमाग आले, असे आमची आजी सांगत असे. तिच्यापाशी दस्तऐवज नव्हता; पण आजीची साक्ष उलटतपासणीला घ्यावयाची नसते.

त्या घरात दोन भाऊ वाढले. थोरले आमचे वडील. ते मुंबईस गिरणगावातील एका गिरणीत हिशेबनीस झाले. धाकटे काका उज्जैनलाच एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत, अविवाहित राहिले आणि आजीला शेवटपर्यंत त्यांनीच सांभाळले. लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात आम्ही तेथे जात असू. आजी १९८८ साली गेली. १९९० साली वडिलांनी त्या घरातील आपला हिस्सा काकांच्या नावे सोडून दिला आणि आमचे उज्जैनला जाणे थांबले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. आई ओट्याशी उभी राहून एवढेच म्हणाली, “उज्जैनचे घर गेले.” तिने आणखी काही सांगितले नाही, आणि मुलांना जे सांगितले जात नाही ते मुले स्वतः रचतात.

पुढे आम्ही वकील झालो. वडिलांच्या पश्चात त्यांच्या पेटीत त्या हक्कसोडपत्राची प्रत सापडली. हिंदीतून केलेला, रीतसर नोंदविलेला दस्त. ‘स्वेच्छा से’ आणि ‘बिना किसी प्रतिफल के’, म्हणजे राजीखुशीने आणि काहीही मोबदला न घेता, हे शब्द त्यात होते. वकिलाच्या डोळ्याला हे शब्द लगेच खुपतात. ज्या वर्षांत वडिलांच्या हाती पैसा नव्हता त्याच वर्षांत त्यांनी मोबदल्यावाचून घर सोडावे, यामागे काहीतरी दडपण असलेच पाहिजे, असा निवाडा आम्ही एकतर्फी देऊन टाकला. १९६३च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दस्त रद्द करून मागण्यास तीन वर्षांची मुदत असते. ती आम्ही जाऊ दिली. वडील नसताना कोणाच्या तोंडून काय शाबीत करणार? पण मनाला मुदतीचा कायदा लागू नाही. काकांना आम्ही दिवाळीचे पत्र तेवढे पाठवीत असू, आणि त्यातही नमस्काराच्या पुढे फारसे काही नसे.

*

अवंतिका एक्सप्रेस सकाळी उज्जैनला पोहोचली. शहर आमच्या आठवणीतले राहिलेले नव्हते. २०२२ साली झालेल्या ‘महाकाल लोक’मुळे मंदिराभोवतीचा भाग इतका रुंद झाला आहे की आम्ही आमच्याच गल्लीचे तोंड चुकलो. घर मात्र तसेच होते. काका दाराशी उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ताठ, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. त्यांनी आम्हांला गल्लीच्या टोकापासून ओळखले आणि जवळ गेल्यावर मात्र चेहरा चाचपून पाहिला.

“नवीन डोळ्याने लांबचे छान दिसते,” ते म्हणाले. “महाकालाच्या शिखरावरचा ध्वज दिसतो. पण वर्तमानपत्र? छे! डोळ्यांत बसविलेले भिंग एकाच अंतरावर बेतलेले आहे. माझे त्यांनी लांबच्यासाठी बेतले. जवळचे पाहायला आता दुसरी काच हवी, आणि ती दोन्ही डोळे झाल्याशिवाय करू नये म्हणतात.”

डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविण्याची ही विद्या फार जुनी नाही. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली या शल्यवैद्याने १९४९ साली ती प्रथम करून पाहिली. महायुद्धात विमानाच्या काचपेटीचे बारीक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत, पण डोळा त्या पदार्थाला विशेष विरोध करीत नाही, हे त्याने पाहिले होते. त्यावरून त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग करण्याचे त्यास सुचले. काका हे सारे पोहे-जिलेबी खाता खाता सांगत होते आणि आम्ही मनातल्या मनात प्रश्नांची यादी जुळवीत होतो.

दुपारी त्यांनी लाकडी पेटी पुढे ठेविली. “कागद तूच वाच. मला दिसत नाहीत.”

पहिलाच कागद आम्ही हातात घेतला आणि सवयीप्रमाणे हात लांब केला. शाई पिवळटली होती. हात संपला, अक्षर लागेना. काकांना जवळचे दिसत नव्हते तरी लांब गेलेला हात दिसला असावा. ते मोठ्याने हसले.

“पळय रे! तुका चाळिशी लागल्या.”

“उजेड कमी आहे,” आम्ही म्हणालो.

“उजेड पुष्कळ आहे. थांब.” आणि त्यांनी फडताळातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. ती पाहताच आम्ही एकदम दहा वर्षांचे झालो. ते काकांचे भिंग होते.

*

ते बहिर्वक्र भिंग, म्हणजे मध्ये जाड आणि कडेला पातळ, मसुराच्या दाण्यासारखे. उन्हाळ्याच्या सुटीत काका खिडक्या लावून घेत, एकच झरोका उघडा ठेवीत आणि ते भिंग भिंतीसमोर धरीत. मग भिंतीवर बाहेरची गल्ली अवतरे: कडुनिंब, समोरचा वाडा, जाणारी गाय, सारे रंगीत, सारे हालते आणि सारे डोक्यावर उभे. “कितें दिसता तें सांग,” काका विचारीत, आणि आम्ही सारी मुले ओरडत असू, “उरफाटें दिसता!” आमच्या लेखी ती जादू होती. काका ती जादू राहू देत नसत, एवढीच त्यांच्याविषयी त्या वेळी तक्रार होती.

कागद वाचण्यापूर्वी आज पुन्हा एकदा प्रयोग करू, असे ते म्हणाले. आम्हांला घाई होती, पण पेटी त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी देवघरातील निरांजन लावून आणावयास सांगितले, दारे लोटली, जमिनीवर मोजपट्टी आखली आणि भिंग लाकडी टेकूत उभे केले. या भिंगाचे नाभीय अंतर वीस सेंटिमीटर आहे. म्हणजे सूर्यासारख्या फार दूरच्या वस्तूपासून येणारे किरण भिंगातून गेल्यावर वीस सेंटिमीटरवर एकत्र येतात. तेथेच कागद धरला तर तो जळतो.

“साठावर निरांजन ठेव.” आम्ही ठेविले. भिंगापलीकडे तीस सेंटिमीटरवर पुठ्ठा धरला, तो त्यावर उलटी ज्योत उमटली, उंचीने निम्मी. “आता चाळिसावर.” प्रतिमाही पलीकडे चाळिसावर गेली, ज्योतीएवढीच झाली, पण उलटी. “तिसावर.” पुठ्ठा साठावर न्यावा लागला आणि ज्योत दुप्पट झाली. “पंचविसावर.” प्रतिमा मीटरभर लांब पळाली आणि चौपट वाढली. एकविसावर आणताच पुठ्ठा पुरेना. माजघराच्या पलीकडच्या भिंतीवर, भिंगापासून चार मीटरांहूनही दूर, हातभर लांब, फिकट, उलटी ज्योत थरथरत होती. निरांजन चारच बोटे सरकले होते आणि प्रतिमा घरभर धावली होती.

“आता नेमके विसावर.”

भिंत कोरी झाली. पुठ्ठा कोठेही धरावा, प्रतिमा नाही. उजेड आहे, ज्योत नाही.

“आणि आता दहावर ठेवून भिंगातून डोळ्यांनीच पाहा.”

पाहिले, तो ज्योत सुलटी, दुप्पट मोठी, शांत. ती कोणत्याही भिंतीवर पडत नव्हती. भिंगाच्या अलीकडून पाहणाऱ्यालाच ती पलीकडे दिसत होती. हिला आभासी प्रतिमा म्हणतात, आणि आम्ही सारे भिंगाने वाचतो ती हीच.

वाचकहो, यामागील कारण काकांच्या तोंडून ऐकावे इतके सोपे आहे. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून किरण चहूकडे पसरतात. भिंगाचे काम ते पुन्हा एका बिंदूत गोळा करण्याचे. पण भिंगाची शक्ती ठराविक आहे. वस्तू दूर असली की तिचे किरण भिंगापाशी येईपर्यंत जवळजवळ समांतर झालेले असतात. त्यांना भिंग चटकन एकत्र आणते. वस्तू जवळ आली की किरण जास्त पसरत येतात. भिंगाची पुष्कळशी शक्ती ती पसरण आवरण्यातच जाते आणि किरण उशिरा, दूर जाऊन भेटतात. वस्तू नाभीवर आली म्हणजे सारी शक्ती त्यांना समांतर करण्यातच संपते; ते कधीच भेटत नाहीत. त्याहून जवळ आली तर भिंगाला तेही जमत नाही. किरण पसरतच बाहेर पडतात, आणि आपला डोळा त्यांचा माग काढीत मागे जाऊन तेथे एक मोठी, सुलटी वस्तू कल्पितो. भिंतीवरची प्रतिमा उलटी का, याचेही उत्तर साधे आहे. भिंगाच्या मध्यातून जाणारा किरण सरळ जातो. म्हणून वरून आलेला खाली पोहोचतो आणि खालून आलेला वर.

“एक गोष्ट लक्षात आली का?” काकांनी विचारले. “वस्तू अनंतातून तीन मीटरांवर आली तरी प्रतिमा जेमतेम दीड सेंटिमीटर सरकते. आणि तिसावरून एकविसावर आली तर साडेतीन मीटरांहून अधिक. दूरची वस्तू थोडी इकडेतिकडे झाली तरी पुठ्ठा जागेवर ठेवून चालते. जवळची वस्तू थोडी सरकली तरी पुठ्ठ्याची जागा बदलावी लागते.”

मग ते डोळ्याकडे वळले. केप्लरने १६०४ साली दाखवून दिले की डोळ्यांतही अशीच उलटी प्रतिमा मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर, पडते. पण तेथे पडदा सरकविता येत नाही. म्हणून निसर्गाने भिंगच लवचीक केले. जवळचे पाहताना डोळ्यांतील स्नायू आकुंचन पावतो, भिंग फुगते आणि त्याची शक्ती वाढते. दहा वर्षांच्या मुलाला नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षर स्पष्ट वाचता येते. वयाबरोबर भिंग ताठर होत जाते, आणि पंचेचाळिशीच्या सुमारास पुस्तकाच्या अंतरावरील अक्षराची प्रतिमा दृष्टिपटलाच्या पाठीमागे तयार होऊ लागते. माणूस मग हात लांब करतो. म्हणजे पडदा मागे नेता येत नाही म्हणून वस्तूच दूर नेतो.

“आणि मग हात संपतो,” काका म्हणाले. “आता वाच.”

*

भिंगाखाली कागद धरला. कर भरल्याच्या पावत्या, नगरपालिकेचा उतारा, दस्ताची मूळ प्रत. तिच्याच घडीत एक आंतर्देशीय पत्र होते. वडिलांचे अक्षर. मुंग्यांची रांग जावी तसे बारीक, हिशेबनिसाचे अक्षर.

“तें मोठ्यान वाच,” काका म्हणाले. “मला पाठ आहे, पण पुष्कळ वर्षांत कोणाच्या आवाजात ऐकले नाही.”

पत्र १९९० सालचे, दस्ताच्या आठवड्यातले होते. ते सगळे येथे द्यावे असे आम्हांला वाटत नाही. १९८२च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा जो मोठा संप सुरू झाला आणि ज्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यानंतर वडिलांची गिरणी पुन्हा नीट उभी राहिली नाही, एवढे आम्हांला माहीत होते. त्या वर्षांत आमच्या घरी चूल पेटत होती, आमची शाळा चालू होती, आणि ती कशी चालू होती हे आम्ही कधी विचारले नव्हते. वडिलांनी लिहिले होते: ‘सात वर्षे तू दरमहा पाठविलेस ते मी वहीत मांडून ठेविले आहे. परत दिले तर तू घेणार नाहीस. म्हणून दस्त केला. त्यात मोबदला मुद्दाम लिहू दिला नाही. भावाने भावाचे घर चालविले याची नोंद सरकारदफ्तरी कशाला? मुलाला यातले काही सांगू नकोस. कळले तर तो मान खाली घालून शिकेल. मला तो ताठ मानेने शिकायला हवा आहे.’

आमचा आवाज कोठे थांबला ते आठवत नाही. भिंगाखालचे अक्षर मोठे होते, सुलटे होते, आणि तरीही दिसेनासे झाले. डोळ्यांत पाणी आले म्हणजे त्याचेही एक भिंग होते आणि ते कोणत्याच अंतरासाठी बेतलेले नसते.

आम्ही ताठ मानेने शिकलो, हे खरे आहे. इतक्या ताठ मानेने की खाली कोण उभे आहे हे पाहिले नाही.

पुष्कळ वेळाने आम्ही बोललो. या घराविषयी पस्तीस वर्षे काय समजत होतो, दस्त वाचून कोणता निष्कर्ष काढला होता, दिवाळीची पत्रे तीन ओळींची का असत, सारे सांगितले. वकिलाला कबुलीजबाब घेण्याची सवय असते, देण्याची नसते; तेव्हा तो नीट साधला नसेल. काकांनी ऐकून घेतले. त्यांना ते पूर्वीच माहीत असावे. तीन ओळींचे पत्र लांबूनही वाचता येते.

“तुम्ही एकदा तरी सांगायचे होते,” आम्ही म्हणालो.

“दादाने नको म्हटले होते.”

“वडील जाऊन इतकी वर्षे झाली.”

“म्हणून तर आता वाचून घेतले. पुढच्या शस्त्रक्रियेत काही कमीजास्त झाले तर हा कागद रद्दीत गेला असता.”

यावर आमच्यातला निबंधकार जागा झाला. अशा वेळीही तो झोपत नाही, हा त्याचा दोष आहे. आम्ही म्हणालो, “काका, दूरून पाहिले म्हणून मला सारे उलटे दिसले, जवळ आलो तेव्हा सुलटे झाले. भिंगाने न्याय केला.”

काकांनी मान हलविली. मुलाने चुकीचे उत्तर दिल्यावर चांगला शिक्षक हलवितो तशी.

“असे लिहू नकोस. भिंगावर उगाच आळ घेऊ नये. दूरची प्रतिमा उलटी असते, पण ती खोटी नसते. तिला वास्तव प्रतिमा म्हणतात, भिंतीवर पाडता येते, मोजता येते. जवळची सुलटी दिसते, मोठी दिसते, आणि तिलाच आम्ही आभासी म्हणतो. दस्त खोटा नव्हता. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पत्रही खरे आहे. पण ते दादाच्या बाजूने लिहिलेले आहे. आईसाठी मी येथे राहिलो तेव्हा दादाने मुंबईहून तिची औषधे पाठविली, हे त्यात नाही. ते त्याने लिहिले नसते. तूही माझ्याकडून एकच प्रतिमा घेऊन जाऊ नकोस.” मग थोडे थांबून ते म्हणाले, “प्रतिमा पुसट दिसली म्हणजे मुले म्हणायची, सर, भिंग खराब आहे. भिंग बहुधा चांगलेच असते. पुठ्ठा चुकीच्या जागी धरलेला असतो.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे वेधशाळेत गेलो. उज्जैनला येऊन काका कोणाला तेथे नेत नाहीत असे होत नाही. जयपूरच्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तो माळव्याचा सुभेदार असताना, ही बांधविली. म्हणजे ही वेधशाळा आणि रामचंद्रबाबांचे मंदिर साधारण एकाच काळातील. पुढे ती पडीक झाली. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा मराठी ज्योतिर्विद तिचा अधीक्षक होता. जयसिंगाला दुर्बीण ठाऊक होती. शुक्राची कोर आणि गुरूचे चार चंद्र दुर्बिणीतून दिसतात, हे त्याच्या ग्रंथात आहे. युरोपातील ज्योतिषाची माहिती आणण्यास त्याने पाद्री मॅन्युएल द फिगरेदो यांच्या हाताखाली एक मंडळ गोव्यामार्गे पोर्तुगालला धाडले. ते १७२९ साली लिस्बनला पोहोचले. आलेल्या कोष्टकांवर त्याने डोळे मिटून विश्वास ठेविला नाही. आकाशाशी ताडून पाहिली तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचे अंतर निघाले. प्रतिपक्षाचा कागद कसा वाचावा, हे त्याला आमच्यापेक्षा चांगले कळत होते.

सम्राटयंत्राची तिरपी भिंत उज्जैनच्या अक्षांशाएवढ्या, सुमारे २३ अंश १० कलांच्या कोनात, ध्रुवाकडे चढत जाते. तिची छाया बाजूच्या वर्तुळखंडावर पडते आणि तेथील खुणांवरून वेळ वाचतात. काकांना भिंतीचे टोक स्वच्छ दिसत होते, खुणा दिसत नव्हत्या. आम्ही वाकून पाहिले, खुणा पुसटच. भिंग घरी राहिले होते. एक निवृत्त शिक्षक आणि एक वकील घड्याळापुढे उभे, आणि दोघांनाही किती वाजले ते वाचता येईना. शेजारी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला होता. काकांनी त्यास बोलाविले. तो जवळजवळ नाक टेकवून म्हणाला, “दादाजी, दस बजे हैं।”

आमच्या मनगटावर दहा वाजून सत्तावीस मिनिटे झाली होती. मुलगा आमच्या घड्याळाकडे आणि मग यंत्राकडे पाहू लागला. चुकले कोण?

“कोणीच नाही,” काका त्याला हिंदीतून समजावू लागले. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे. उज्जैन त्याच्या पश्चिमेस पावणेसात अंशांच्या आसपास. अंशाला चार मिनिटे, म्हणून सूर्य येथे सत्तावीस मिनिटे मागून येतो. वर्षातून बहुतेक दिवशी आणखी थोडी मिनिटे कमी किंवा अधिक करावी लागतात. एप्रिलच्या मध्याला ती जवळजवळ शून्य असतात, आणि आम्ही नेमके त्याच दिवसांत गेलो होतो. मुलाने बोटांवर गुणाकार केला. उत्तर जमले तेव्हा तो असा हसला की आम्हांला आमचा झरोका आठवला.

परत येताना आम्ही चष्म्याच्या दुकानात शिरलो आणि चाळिशी केली. ती दुसऱ्या दिवशी मिळाली. मृत्युपत्राचा मसुदा आम्ही केला नाही. काका ते घर कोणाला द्यावयाचे म्हणत होते ते ऐकल्यावर आम्हांस तो करणे योग्य नव्हते. ज्याला लाभ व्हावयाचा त्याने मृत्युपत्राला हात लावू नये, हे आम्ही अशिलांना नेहमी बजावतो. तेथीलच एका वकिलाकडे त्यांना नेऊन दिले, आणि ‘पुन्हा विचार करा’ असे सांगून बाहेरच्या बाकावर बसून राहिलो.

निघताना काकांनी भिंग देऊ केले. आम्ही ते घेतले नाही. त्यांचा दुसरा डोळा होईपर्यंत कोणी आले-गेले तर पत्रे वाचून दाखवावयास ते लागेल, असे कारण आम्ही सांगितले; आणि या वेळी ते कारण खरे होते. दुसरे कारण असे की, घेण्यासाठी पुन्हा येता येईल.

गाडीत दिवा लावून, नवी चाळिशी नाकावर ठेवून, आम्ही काकांना एक पत्र लिहिले. ते तीन ओळींत मावले नाही.